जुनी २०० एमएम लेन्स लांबचं शार्प का देत नाही?

प्रश्न : नमस्कार सर, मी इंदूरला रामबागेत राहतो. मागच्या महिन्यात जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात ज्युपिटर-२१एम लेन्स मिळाली, २०० एमएम, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/४, बाराशे रुपयांत. मूळ एम४२ची, म्हणजे कॅमेऱ्याला स्क्रूसारखी बसणाऱ्या जुन्या माउंटची (जोडाची) आहे पण आधीच्या मालकाने मागे निकॉनची रिंग एरल्डाइटने चिकटवून टाकलीय, म्हणून मी निकॉन-सोनी अडॅप्टर लावून सोनीच्या मिररलेस कॅमेऱ्यावर वापरतो. सिरपूर तलावावर गेलो तर काठाजवळचा बगळा झकास येतो, पण पलीकडचे पाणकावळे काही केल्या शार्प होत नाहीत, फोकस रिंग शेवटपर्यंत फिरवून झाली. मित्र म्हणतो भंगारात दे. देऊ का?

उत्तर : अजिबात देऊ नका! लेन्स बहुतेक ठणठणीत आहे, घोटाळा त्या रिंगचा आहे. एम४२ लेन्स फिल्मपासून ४५.४६ मिमीवर बसायला बनवलेली असते आणि निकॉनच्या एफ माउंटचं हेच अंतर ४६.५ मिमी, म्हणजे निकॉनचं माउंट लावलं की लेन्स तिथेच १ मिमी पुढे गेली, त्यात रिंगची जाडी आणखी मिलीमीटरभर धरा. २ मिमी काय मोठंसं वाटत नाही, पण हिशेब करून बघा, लेन्सच्या एमएमचा वर्ग भागिले वाढलेलं अंतर, म्हणजे २०० गुणिले २०० भागिले २, वीस हजार मिमी, म्हणजे साधारण २० मीटरच्या पुढे फोकस जातच नाही. तुमचा बगळा त्याच्या आत, पाणकावळे बाहेर. (५० एमएमच्या लेन्सला हेच झालं असतं तर सव्वा मीटरच्या पुढचं सगळं धूसर!)

आता ती रिंग काढायला ड्रायरने गरम करून ओढाताण करू नका, जुन्या लेन्समधल्या काही काचाही एकमेकींना चिकटवलेल्या असतात, त्यांना उष्णता सोसत नाही. मी म्हणेन लेन्सला हातच लावू नका, अडॅप्टरचा बळी द्या. साध्या अडॅप्टरचं माउंट स्क्रूने सुटतं, ते काढून नळी लेथवाल्याकडून २ मिमीने कमी करून घ्या, स्क्रू लांब पडले तर तेही तेवढेच घासायचे. थोडं जास्त कापलं गेलं तरी चालेल, फोकस इन्फिनिटीच्या (अगदी दूरच्या टोकाच्या) जरा पलीकडे जाईल एवढंच, कमी मात्र नको. तो अडॅप्टर मग या एकाच लेन्सचा.

मग टेस्ट. मेनूत ‘रिलीज विदाउट लेन्स’ (लेन्स ओळखली नाही तरी फोटो निघू देणारी सोय) चालू आणि स्टेडीशॉटमध्ये, म्हणजे हात हलल्याचा परिणाम कमी करणाऱ्या सोयीत, २०० हाताने भरलेलं हवं. ट्रायपॉड लावा, रात्री चंद्रावर स्क्रीन झूम करून फोकस करा, चंद्राचा काठ स्वच्छ आला की इन्फिनिटी मिळाली. दिवसा तलावापलीकडे टेस्ट करायची तर सकाळीच, दुपारी तापलेली हवा थरथरते आणि माणूस उगाच लेन्सला दोष देतो, हे मी खूपदा पाहिलंय. भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवून अगदी समोरून एफ/४, ५.६ आणि ८ला फोटो काढा, चारपैकी एकच कोपरा मऊ येत असेल तर बहुतेक आत काच तिरकी बसलीय. आणि एकदा मागून टॉर्च मारून बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, धुरकट थर असेल तर कॉन्ट्रास्ट जाणार.

एफ/४ला बगळ्याच्या पांढऱ्या पिसांना जांभळी कड दिसली तर घाबरू नका, लांबचं टिपणाऱ्या जुन्या टेली लेन्सला ती येतेच, ५.६ला बरीच कमी होते. शटर उभ्या बगळ्याला किमान १/५००, उडत्याला त्याहून जास्त. लेन्स किलोभर आहे, डावा हात कायम तिच्याखाली, सगळं वजन अडॅप्टरवर लोंबकळू देऊ नका.