‘रब्बी राशी’ म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: एका अनुवादात ‘रब्बी राशी’, ‘रब्बी रामबाम’ आणि ‘मायमोनिडीज’ अशी नावं भेटतात. ही आडनावं की पदव्या? आणि नावाआधी ‘रब्बी’, म्हणजे ज्यू धर्मगुरू, असं लावायचं का?

दोन्ही नाहीत. राशी आणि रामबाम ही आद्याक्षरं जुळवून झालेली नावं आहेत, आपल्या ‘गदिमां’सारखी. मात्र इथे पहिलं अक्षर बहुतेक वेळा ‘रब्बी’चंच असतं. म्हणून ‘रब्बी राशी’ लिहिलं की रब्बी दोनदा येतो. नुसतं ‘राशी’ म्हणण्यात अनादर नाही. मान त्या ‘रा’मध्येच आहे.

राशी म्हणजे रब्बी श्लोमो यित्झाकी (१०४०–११०५), फ्रान्समधल्या त्रुआ गावचे. हिब्रूत प्रामुख्यानं व्यंजनंच लिहितात. रेश, शीन, योद (र, श, य) ही तीन अक्षरं मांडली की मधला स्वर वाचणारा भरतो, आणि शेवटचा योद ‘ई’सारखा वाचला जातो. म्हणून ‘यित्झाकी’तला य नावात ई होऊन बसला. हे आद्याक्षरी नाव आहे हे कळावं म्हणून शेवटच्या अक्षराआधी दोन बारीक रेघा देतात. मराठीत ती सोय नाही, त्यामुळे ‘राशी’ वाचून मेष-वृषभ आठवले तर वाचकाला दोष देता येत नाही. पहिल्या उल्लेखात पूर्ण नाव द्यावं, पुढे खुशाल राशी.

शब्दवेड्यांनी या माणसावर जीव टाकावा असं आणखी एक कारण आहे. तोरा आणि तालमूद या ज्यू धर्मग्रंथांवर भाष्य करताना एखादा हिब्रू शब्द अडला की ते बोलीतला फ्रेंच प्रतिशब्द हिब्रू लिपीत देऊन मोकळे होत. आज जुन्या फ्रेंचचे अभ्यासक ते शब्द वेचतात. उलट ‘राशी लिपी’ म्हणून जी ओळखली जाते, ती त्यांची नव्हेच. ते वळण सेफार्दी, म्हणजे स्पेनकडच्या ज्यूंच्या, हस्ताक्षराचं; मूळ पाठ आणि भाष्य वेगळं दिसावं म्हणून छापखानेवाल्यांनी ते भाष्यासाठी वापरलं. राशींना जाऊन तेव्हा साडेतीनशेहून अधिक वर्षं झाली होती.

आता रामबाम: रब्बी मोशे बेन मायमोन. ‘बेन’ म्हणजे मुलगा. जन्म कोर्दोबाचा, आयुष्याचा मोठा काळ इजिप्तमधल्या फुस्तातला, मृत्यू १२०४ साली. ‘मिश्ने तोरा’ हा चौदा भागांचा धर्मशास्त्रग्रंथ त्यांचा. मायमोनिडीज म्हणजेही हेच गृहस्थ. ‘बेन’च्या जागी ग्रीक प्रत्यय लागला, एवढंच. तेव्हा अनुवादात दोन्ही नावं आली असतील तर वाचकाला माणसंही दोन वाटणार. एक नाव निवडावं.

खरा घोटाळा पुढे आहे. रामबान हे वेगळे! रब्बी मोशे बेन नाखमान, जिरोनाचे, १२६३ साली बार्सिलोनात राजासमोर ख्रिस्ती पंडिताशी जाहीर वाद घालणारे. मायमोनचा म आणि नाखमानचा न, एका अक्षरावर शतक बदलतं. दोघंही वैद्य होते, त्यामुळे ‘रामबाण’ हा विनोद मराठी माणसाला आवरत नाही. मलाही आवरलेला नाही.

सगळी नावं या साच्यात बसत नाहीत. प्रागच्या महारालांच्या नावात सुरुवातीला ‘मोरेनू’, म्हणजे ‘आमचे गुरू’, येतं. राशींचे नातू राशबाम साच्यातले, पण त्यांचे धाकटे भाऊ याकोव्ह हे ‘राब्बेनू ताम’: तोरातल्या उत्पत्तीच्या पुस्तकात याकोबाला ‘ताम’, म्हणजे सरळमार्गी, म्हटलंय, तिथून ते नाव आलं. हाफेत्झ हाईम तर स्वतःच्या पुस्तकाच्या नावानंच ओळखले गेले.

जाता जाता ‘रब्बी’ शब्दाविषयी. त्याचा मूळ अर्थ ‘माझे गुरुजी’. गहू-हरभऱ्याचा रब्बी हंगाम अरबीतल्या वसंतवाचक ‘रबी’वरून आला, दोघांचं नातं नाही. कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंकडे तर पूर्वी रब्बी नव्हतेच. धर्मकार्य चालवणाऱ्याला ते ‘काझी’ म्हणत.