लूमच्या बोर्डावरचा एमओव्ही (जादा व्होल्टेजपासून बोर्ड वाचवणारा व्हॅरिस्टर) मल्टीमीटरवर ठीक दिसतो, तरी खराब असू शकतो का?

हो. मल्टीमीटर फक्त शॉर्ट पकडतो. थकलेला एमओव्हीही बऱ्याचदा ‘ओएल’च (म्हणजे मोजता न येणारा जास्त रोध) दाखवतो. काळवंडलेला किंवा तडकलेला असेल तर मोजायच्या भानगडीत न पडता बदला.

सोलापुरातल्या तुमच्या पॉवरलूमच्या बोर्डावर १४डी४७१के हा एमओव्ही आहे, म्हणजे १४ मिमीची चकती, १ मिलिअँपला ४७० व्होल्ट, १० टक्के कमी-जास्त. सप्लाय बंद करून त्याचा एक पाय बोर्डातून सोडवा. ० ते ६५० व्होल्टचा डीसी सप्लाय आणि १०० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर एमओव्हीच्या सिरीजमध्ये जोडा. व्होल्टेज हळूहळू वाढवा. रेझिस्टरवर १०० व्होल्ट पडले, की १ मिलिअँप वाहतोय. तेव्हा एमओव्हीवर ४२३ ते ५१७ व्होल्ट हवेत. बाहेर गेला तर बदला. हे व्होल्टेज जिवावर बेतू शकतं, चालू असताना प्रोबला हात नको. नवा एमओव्ही फ्यूजनंतरच, बोर्डाच्या बाजूला बसवा, नाहीतर शॉर्ट झाल्यावर बोर्ड जळेल.