मॉर्गेजमध्ये मेलेलं कोण?

प्रश्न : फ्लॅटच्या लोनचे पेपर करताना बँकेतला मुलगा सारखं मॉर्गेज मॉर्गेज करत होता. घरी मुलगी म्हणाली, आई, त्यातल्या मॉर्टचा अर्थ मेलेला. तेव्हापासून ह्यांना झोप नाही, म्हणतात मरेपर्यंत फेडायचं असं लिहून तर नाही ना घेतलं? खरं काय?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, मुलगी बरोबर आहे पण ह्यांना म्हणावं निवांत झोपा, मरणारं माणूस नाहीये, गहाण आहे. शब्द जुन्या फ्रेंचमधला, मॉर्ट म्हणजे मेलेलं (आपल्या मृतचाच लांबचा भाऊ) आणि गेज म्हणजे तारण, वचन म्हणून ठेवलेली वस्तू. उच्चारताना तो ट गायब होतो म्हणून बँकेतला मुलगा मॉर्गेज म्हणतो. एंगेजमेंटमध्येही हाच गेज बसलाय, म्हणजे साखरपुड्यातही माणूस गहाणच पडतो म्हणायचं!

आता मेलेलं का, तर त्याची उत्तरं दोन आहेत. नेहमी सांगतात ते लिटलटन नावाच्या 15व्या शतकातल्या इंग्रज न्यायाधीशाचं, पुढे 1628 मध्ये एडवर्ड कोक या कायदेपंडिताने त्यावर भाष्य लिहिलं म्हणून कोकच्या नावावरही खपतं. ठरल्या दिवशी पैसे दिले नाहीत तर जमीन कायमची गेली, म्हणजे कर्जदाराला ती मेली, आणि दिले तर सावकाराच्या हातातलं गहाण मेलं. ऐकायला छान आहे, पण मला हे मागाहून जुळवलेलं वाटतं.

कारण त्याच्या जवळजवळ तीनशे वर्षं आधी, 12व्या शतकाच्या शेवटी, ग्लॅनव्हिलच्या नावाने ओळखला जाणारा इंग्लंडच्या कायद्याचा एक ग्रंथ आहे, त्यात वेगळंच दिलंय. जमीन सावकाराच्या ताब्यात, तिचं उत्पन्न तो खातो, आणि ते उत्पन्न कर्जातून वजा झालं तर व्यवहार चोख, पण वजा झालं नाही, मुद्दल जिथल्या तिथे, तर ते मेलेलं गहाण. असलं गहाण हातात असताना सावकार मेला तर त्याची मालमत्ता व्याजखाऊची म्हणून धरायचे.

हे मला पटतं ते आमच्या आजोबांमुळे. विहिरीकडचा तुकडा त्यांनी कब्जेगहाण, म्हणजे ताबाच सावकाराकडे देऊन, ठेवलेला, बांधावर दोन आंबे, आणि दर मे महिन्यात पाट्या आमच्या दारावरून सावकाराच्या घरी जायच्या. मुद्दलातून एक रुपया कमी व्हायचा नाही, कारण गहाणखतात लिहिलेलं की उत्पन्न व्याजापोटी. आजी म्हणायची, झाड आमचं, पाड त्यांचा. ग्लॅनव्हिलचं मेलेलं गहाण ते हेच. आपल्या 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात हा प्रकार आजही आहे, फक्त त्यात उत्पन्न व्याजात धरायचं की मुद्दलात, हे दोघांनी ठरवायचं.

तुमचं प्रकरण मात्र बहुतेक निराळं, त्याच कायद्याच्या 58व्या कलमातलं, मूळ कागद बँकेकडे ठेवून होणारं गहाण. ताबा तुमचा, घरात राहायचं तुम्ही, बँकेच्या कपाटात नुसतं अ‍ॅग्रीमेंट. आणि हप्त्यांचा जो लांबलचक तक्ता दिलाय ना, अमॉर्टायझेशन शेड्यूल, त्यातही तोच मॉर्ट, म्हणजे कर्जाला दर महिन्याला थोडं थोडं मारायचं. पहिली काही वर्षं हप्त्यातलं बरंचसं व्याजातच जातं त्यामुळे ते मरता मरत नाही ही गोष्ट वेगळी.

गंमत म्हणजे खुद्द फ्रेंच लोक आज मॉर्गेज म्हणतच नाहीत, ते ग्रीकमधून आलेला शब्द वापरतात, तुमच्या गाडीच्या आरसीवर हायपोथिकेशन असतं ना, त्याचा जुळा. आणि आपण म्हणतो तारण. आता ते कोणाला तारतं हे बँकेला विचारा.

ह्यांना एवढं सांगा की शेवटचा हप्ता गेला की गहाण मेलं, पण कागद आपणहून चालत घरी येत नाहीत. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, 1 डिसेंबर 2023 पासून लागू, की पूर्ण फेड झाल्यावर 30 दिवसांत मूळ कागद परत द्यायचे, बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई. आणि गावाकडच्या जमिनीवर लोन असेल तर सातबाऱ्याच्या इतर हक्कातला बोजा कमी झालाय का तेही तलाठ्याकडे जाऊन बघा, आमच्या तुकड्यावरचा फेडल्यानंतर अकरा वर्षं तसाच होता.