‘प्रीपझेसिंग’ची संगत

प्रिय पोरी,

बँकेच्या नोकरीसाठीचा तुझा अर्ज वाचला. तिसऱ्याच ओळीत ‘आय हॅव अ प्रीपझेसिंग (prepossessing) पर्सनॅलिटी’. शब्दकोशात अर्थ ‘छाप पाडणारा’ असाच दिलाय, तुझी चूक तिथं नाही. पण अर्थ पाठ झाला म्हणजे शब्द आला असं नव्हे. शब्द कुणाच्या संगतीत फिरतो ते बघायचं.

हा बहुतेक वेळा नकाराच्या संगतीत भेटतो: ‘नॉट व्हेरी प्रीपझेसिंग’, नाहीतर सरळ ‘अनप्रीपझेसिंग’. आपल्या ‘फारसा’सारखा. ‘फारसा देखणा’ म्हणून कुणी थांबतं का? ‘नाही’ येतोच. बेळगावची आहेस, कन्नडमधूनही बघ: ‘अष्टेनू’ (फारसं) म्हटलं की शेवटी ‘इल्ल’ (नाही) आलंच. इंग्रजीत इतकी सक्ती नाही. ‘अ प्रीपझेसिंग यंग मॅन’ चालतं. पण ते दुसऱ्यानं म्हणायचं, आणि बहुधा रूपाबद्दल, वागण्याच्या ढबीबद्दल. तू स्वतःला लावलंस की ‘मी दिसायला मोहक आहे’ असं वाचलं जातं. बँकेच्या अर्जात!

मूळ लॅटिन. ‘प्रे’ म्हणजे आधी, ‘पॉसिदेरे’ म्हणजे ताब्यात ठेवणं. तोंड उघडण्याआधीच समोरच्याचं मन ताब्यात घेणारा, असा तो शब्द. म्हणूनच ‘प्रीपझेस्ड’ माणूस आधीच मत बनवून बसलेला असतो. शेपूट बदललं की माणूस बदलतो. ‘आय ॲम इम्प्रेसिव्ह बाय युवर बँक’ ही तुझ्या दुसऱ्या परिच्छेदातली चूक त्याच जातीची: छाप पाडते ती ‘इम्प्रेसिव्ह’, जिच्यावर पडते ती ‘इम्प्रेस्ड’. ‘प्रीपझेसिंग’च्या स्पेलिंगमध्ये ‘एस’ चार आहेत, दोन जोड्या. तू एक खाल्लास. पहिली जोडी ‘झ’ म्हणायची, दुसरी ‘स’, जोर ‘झे’वर.

‘प्रेझेंटेबल’ म्हणजे नीटनेटकी, ‘पर्सनेबल’ म्हणजे वागायला गोड. तीही नकोत. विशेषणं गाळायला लावतो म्हणून खडूस ठरतो, ठरू दे. संगत न बघता शब्द उचलू नको, हे वर्गात फार उशिरा सांगायला लागलो, त्याची चुटपुट जास्त आहे. त्या ओळीच्या जागी लिही की मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी चारही बोलतेस. खानापूरच्या शेतकऱ्याला मराठीत आणि गोकाकच्या व्यापाऱ्याला कन्नडमध्ये फॉर्म समजावणारी मुलगी काउंटरवर हवीच असते.

नवा शब्द आवडला तर वहीत अर्थाशेजारी तीन ठिकाणची तीन वाक्यं उतरव. मागचेपुढचे शब्द अधोरेखित कर. तीन सापडली नाहीत तर तो शब्द अजून तुझा नाही.

शनिवारी दुसरा खर्डा आण. एकच पान.