ख्रिस्ती टीमबरोबर उन्हाळ्यात पोलंडला इंग्रजी शिकवायला जावं का, चर्चशी संबंध नसताना?

जा, पण आधी टीम लीडरला स्पष्ट विचारून घ्या. मी बडोद्याचीच, फतेहगंजच्या चर्चमध्ये वाढलेली, मागे एकदा जुलैत अशाच कॅम्पला गेले होते (तिकडे शाळांना जुलै-ऑगस्ट सुट्टी असते). सकाळी इंग्रजी, संध्याकाळी गाणी आणि बायबलवर गप्पा, असं होतं. संध्याकाळचं ऐच्छिक आहे हे मुलांच्या आईवडलांना आधीच सांगितलेलं असावं, नसेल तर मला ते चालत नाही, श्रद्धा लपवून शिकवू नये. आणि तुमचं मन त्यात नसेल तर तेही आत्ताच सांगा, नुसतं फिरायला मिळतं म्हणून जाऊ नका.

शिकवायची भीती नको. पोलिशमध्ये आपल्यासारखंच अ, द वगैरे आर्टिकल नाहीत, त्यामुळे मुलं नेमकी आपल्याच चुका करतात. एक मुलगी सारखी 'व्हॉटर' म्हणायची, मग आम्ही दोघी आरशासमोर ओठांचा चंबू करून वॉटर वॉटर करत बसलो, माझाही डब्ल्यू तिथेच सुधारला!

पोलंडला जायला लागणाऱ्या शेंगेन व्हिसाला (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) किमान ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतो, आणि कॅम्पमध्ये शिकवणार हे अर्जात खरं लिहा, टुरिस्ट म्हणून सांगू नका.

जाताना जामनगरजवळच्या बालाचडीचे आणि कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचे फोटो नक्की न्या, दुसऱ्या महायुद्धात पोलिश निर्वासित, कितीतरी लहान मुलं, तिथे राहिली होती. मी ते दाखवले तेव्हा कॅम्पच्या स्वयंपाकघरातल्या आजींनी माझा हात धरला तो सोडेचनात.