पहिली एअर रायफल घेण्याआधी

प्रिय नवनेमबाज,

जाहिरातीत ‘१००० एफपीएस’ (सेकंदाला हजार फूट) लिहिलेली गन घेऊ का, असं विचारलंस. नको घेऊस. दहा मीटरच्या मॅच रायफलचा (स्पर्धेच्या रायफलचा) पेलेट, म्हणजे छर्रा, सेकंदाला साधारण १७० ते १७५ मीटर वेगाने सुटतो, म्हणजे जेमतेम पावणेसहाशे एफपीएस. ऑलिंपिकमधलं सोनं याच वेगावर मिळतं. तसली गन स्प्रिंगवर चालत असेल, तर वेग वाढवायला स्प्रिंग दणकट लागते. मग कॉक करताना, म्हणजे स्प्रिंग ताणताना, हात भरून येतो आणि झटकाही वाढतो. पेलेट बॅरलबाहेर पडायच्या आतच स्प्रिंगने ढकललेला पिस्टन हलून पुढे आपटतो, त्यामुळे गन आधी मागे आणि लगेच पुढे जाते. असा झटका सांभाळणं ही वेगळीच कला आहे आणि दहा मीटरच्या मॅचमध्ये तिचा उपयोग नाही.

म्हणून घ्यायचीच तर पीसीपी, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी गन घे. हिच्या सिलिंडरमध्ये २०० बारपर्यंत दाबाने हवा भरतात आणि रेग्युलेटर प्रत्येक शॉटला सारखाच दाब देतो. बोअर (नळीचा आतला व्यास) ०.१७७ इंच, म्हणजे ४.५ मिलिमीटरच हवा. ०.२२ मॅचला चालत नाही, शिवाय तिला परवाना लागतो. ०.१७७ बोअर आणि २० जूलपर्यंत ऊर्जेच्या गनला परवाना लागत नाही, आणि मॅच रायफल आठ जूलच्या आसपासच असते. तरीही परवानाधारक डीलरकडूनच, पक्क्या बिलावर घे.

आता खरी गोष्ट. ब्रँडच्या आधी गन अंगाला बसते का ते बघ. बट, म्हणजे गनचं मागचं टोक, कोपराच्या खोबणीत टेकवून कोपर काटकोनात वाकव. बोटाचं पहिलं पेर ट्रिगरवर सहज यायला हवं. मग डोळे मिटून गन खांद्याला लाव, गाल चीकपीसवर (गाल टेकवायच्या भागावर) टाक आणि डोळे उघड. मागच्या पीप साइटच्या बारीक भोकातून पुढची रिंग मधोमध दिसली तर ठीक. मान ताणावी किंवा गाल दाबावा लागत असेल तर चीकपीस आणि बटप्लेट (खांद्याला टेकणारी पट्टी) हलवून बघ. ज्या गनला या दोन्हींची अॅडजस्टमेंटच नाही, ती वाढत्या वयाच्या नेमबाजाने घेऊ नये. डावखुरा असणाऱ्याने ग्रिप डाव्या हाताची मिळते का, हे आधी विचारावं. वजनाची मर्यादा ५.५ किलो आहे, पण सुरुवातीला तिच्या जवळ जायची घाई नको. कंबर दुखली की पोझिशन बिघडते.

ट्रिगर दोन टप्प्यांचा असावा. पहिला टप्पा संपल्याचं बोटाला स्पष्ट कळलं पाहिजे आणि पुढे काच तुटावी तसा सुटला पाहिजे. एअर रायफलला ट्रिगर सुटायला लागणाऱ्या वजनाची खालची मर्यादा नाही. एअर पिस्तुलाला मात्र किमान ५०० ग्रॅम लागतातच.

जुनी गन मिळत असेल तर सिलिंडरवरची तारीख आधी वाच. साधारण दहा वर्षांनी सिलिंडर बाद होतं आणि नवं सिलिंडर स्वस्त नसतं. हवा भरून रात्रभर ठेवायला सांग. सकाळी दाब दाखवणारा काटा उतरला असेल तर सील गळतंय. काटा जागेवर असूनही थांबल्यानंतरचा पहिलाच शॉट वर किंवा खाली जात असेल तर रेग्युलेटरचा दाब सरकतोय. शेवटी गन रेस्टवर (आधारावर) ठेवून पाच शॉट मार. चांगल्या बॅरलला योग्य पेलेट मिळाला तर कागदावर पाच-सहा मिलिमीटरचं एकच भोक पडतं. टार्गेटवरचा दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो हे लक्षात ठेव. चपट्या डोक्याचे, ०.५३ ग्रॅमच्या आसपासचे, ४.४९ आणि ४.५० मिलिमीटर अशा दोन्ही हेड साइझचे (डोक्याच्या व्यासाचे) पेलेट मारून बघ. बॅरल ज्यावर खूश, त्याच बॅचचे डबे एकदम घे.

मुंबईत पावसाळा हा गनचा शत्रू. हँडपंपाने दमट हवा आत जाते, तेव्हा शक्यतो रेंजवर डायव्हिंग सिलिंडरमधून कोरडी हवा भर. केसमधला फोम ओल धरून ठेवतो. घरी आल्यावर गन बाहेर काढून पूस, सिलिका जेल ठेव. तेल फक्त बाहेरच्या लोखंडाला, बॅरलमध्ये नाही. पेलेटवर पांढरी भुकटी आली तर ते फेकून दे. आणि पेलेट शिशाचे असतात, तेव्हा शूटिंगनंतर साबणाने हात धुतल्याशिवाय वडापावला हात लावायचा नाही.

चांगली पीसीपी परदेशी असेल तर काही लाखांत जाते. एवढे पैसे नसतील तर गन घेण्याऐवजी रेंजची फी भर. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशन आहे. पनवेलच्या बाजूला नेमबाज सुमा शिरूर यांचा लक्ष्य क्लब आहे. आधी क्लबच्या रायफलवर सहा महिने काढ, तेवढ्यात स्वतःची मापंही कळतील. फ्लॅटच्या गॅलरीत किंवा सोसायटीच्या गच्चीवर अजिबात शूटिंग नको. पेलेट भिंतीवर आदळून उलटा येतो आणि खाली माणसं असतात.

कोपरापासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंतचं माप मला कळव, म्हणजे कुठल्या लांबीचा स्टॉक (गनचा दस्ता) बघायचा ते सांगतो.