सामान्य माणसे ब्लॉग का लिहितात?

आपण विचारले आहे की, ज्यांना लेखक म्हणून नाव कमवायचे नाही आणि ज्यांच्या हाती त्यातून पैसाही लागत नाही, अशी नोकरदार, गृहिणी किंवा निवृत्त माणसे वेळ काढून ब्लॉग का लिहितात. मी स्वतः बँकेत नोकरी करते आणि शेतजमिनीच्या कागदपत्रांविषयी मराठीत ब्लॉग लिहिते, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर अनुभवातून देता येईल असे वाटते. माझे मत असे आहे की, मन मोकळे करणे, छंद जोपासणे, चार लोकांचे कौतुक मिळणे ही कारणे खरी असली, तरी मूळ कारण वेगळे आहे. आपल्याजवळ जे सांगण्यासारखे असते, ते छापायला दुसरे कोणी तयार नसते, आणि ते आपल्याबरोबर नाहीसे व्हावे हे मनाला पटत नाही.

माझेच उदाहरण देते. वडील गेल्यानंतर आम्हा भावंडांची नावे सातबाऱ्यावर लावून घ्यायची होती. तलाठ्याकडे अर्ज, मृत्यूचा दाखला, वारसांविषयीचे प्रतिज्ञापत्र, मग वारसांच्या नोंदवहीत म्हणजे गाव नमुना ६-क मध्ये नोंद, त्यावरून फेरफार म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद, संबंधितांना नोटीस, हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत आणि शेवटी मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित करणे, असा हा क्रम असतो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मध्ये तो दिलेला आहे. परंतु आजोबांचे नाव एका जुन्या नोंदीत ‘बाळा’ आणि दुसरीत ‘बाळाराम’ असेल, तर दोन्ही व्यक्ती एकच आहेत हे दाखवायला कोणते कागद जोडावेत, हे कोणत्याही पुस्तकात मला सापडले नाही. ते गावातल्या एका वयस्कर गृहस्थांनी ओट्यावर बसून समजावून सांगितले. वर्तमानपत्राने एवढ्या बारीक गोष्टीला जागा द्यावी अशी अपेक्षाही करता येत नाही. म्हणून ते सगळे मी टिपून ब्लॉगवर ठेवले.

त्या लेखाखाली एका अनोळखी ताईंनी विचारले होते, ‘माझे लग्न होऊन बरीच वर्षे झाली. भाऊ म्हणतात, लग्न झालेल्या मुलीचे नाव लागत नाही. खरे आहे का?’ हे खरे नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे विवाहित मुलगीही वडिलांची वारस असते, तिचे नाव वारस नोंदीत यायलाच हवे, आणि पुढे तिला स्वखुशीने हक्क सोडायचा असेल, तर त्यासाठी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावे लागते. हे मी त्यांना सविस्तर लिहिले. तसाच प्रश्न मग इतर अनेक बहिणींकडून येत राहिला, म्हणून त्या उत्तराचा स्वतंत्र लेख केला आणि आज माझ्या ब्लॉगवर सर्वांत जास्त वाचला जातो तो तोच. मी अजून का लिहिते, असे कोणी विचारले, तर माझ्यापाशी याहून चांगले उत्तर नाही.

सामान्य माणसाची ही ओढ ब्लॉगच्या फार आधीची आहे. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. वरसईचे विष्णुभट गोडसे कर्ज फेडण्यासाठी दक्षिणा मिळवायला १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीत त्यांनी जे पाहिले ते पुढे अनेक वर्षांनी लिहून ठेवले, पण ते लोकांपुढे यायला १९०७ साल उजाडले, तेही चिंतामणराव वैद्य यांनी ते छापले म्हणून. दोघांनाही कोणीतरी छापणारा भेटला. ज्यांना तो भेटला नाही, त्यांच्या वह्यांचे काय झाले असेल, या विचाराने मला आजही हळहळ वाटते.

ब्लॉगने ही अडचण दूर केली. ब्लॉग लिहिण्याची ‘ब्लॉगर’ ही सेवा १९९९ मध्ये आणि त्यासाठीचे ‘वर्डप्रेस’ हे सॉफ्टवेअर २००३ मध्ये सुरू झाले. मात्र मराठी माणसाला त्यांचा खरा उपयोग झाला तो युनिकोड, म्हणजे सर्व संगणकांवर अक्षरे सारखीच ओळखली जावीत यासाठीची पद्धत, रुळल्यावर, कारण त्यापूर्वी एकाच्या संगणकावरचा फॉन्ट दुसऱ्याकडे नसला की सगळा मजकूर अगम्य चिन्हांत दिसत असे आणि तो शोधूनही सापडत नसे. पैशाचे म्हणाल, तर मराठी ब्लॉगवर अधिकृतपणे जाहिराती लावण्याची सोय फार उशिरा आली आणि लोक त्याच्या बऱ्याच आधीपासून लिहीत होते.

आता व्हॉट्सॲपवरही लिहिता येतेच, असे आपण म्हणाल. तिथे लिहिलेले दोन दिवसांत खाली जाते आणि ज्याला गरज आहे त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. परदेशात वाढणाऱ्या मुलांसाठी आईच्या हातच्या पदार्थांची मापे ‘अंदाजाने’ऐवजी वाटी-चमच्यात लिहून ठेवणारी बाई असो, की अहिराणी किंवा मालवणीत गावाकडच्या आठवणी लिहिणारा शिक्षक असो, ज्याला ते हवे आहे तो वाचक बहुधा अनोळखी असतो आणि वर्षा-दोन वर्षांनी शोधत येतो. त्याच्यासाठी मजकूर एका जागी, तारखेसह टिकून राहावा लागतो.

पुष्कळ ब्लॉग बंद पडतात हेही खरे आहे. माझ्या पाहण्यात, केवळ प्रतिसादासाठी लिहिणारे लवकर थांबतात, आणि कोणाच्या तरी अडचणीचे उत्तर लिहिणाऱ्यांना थांबता येत नाही, कारण नियम बदलले की जुने लेखही बदलावे लागतात. वारस नोंदीचा अर्ज आता ई-हक्क या सरकारी ऑनलाइन प्रणालीवरून घरबसल्या करता येतो, त्यामुळे त्या पहिल्या लेखातला अर्जाचा भाग मी नव्याने लिहिला आहे; नावातल्या फरकाविषयीचा भाग मात्र होता तसाच ठेवला आहे, कारण त्याविषयीचे प्रश्न अजून येतात.